नीराकुंजची पिवळी साथ

रमाकांत शाळिग्राम यांना काहीही झालेलं नव्हतं. वय चोपन्न, वजन बेताचं, रक्तदाब पाठ्यपुस्तकात छापावा असा. इंदापूरच्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, बारामतीहून रोज एसटीनं जायचे-यायचे, आणि भवानीनगर ते निमगाव केतकी एवढ्या पट्ट्यात दांड्याला धरून उभ्या उभ्या झोप काढू शकायचे. इतकी उत्तम प्रकृती असलेला माणूस सुखी असायला हवा. पण रोज सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जाणाऱ्या मंडळींत निरोगी माणसाला काय किंमत असते, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्या मंडळींत अप्पा होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. त्यांना गुडघे होते आणि वर रक्तदाब होता. संघपाल ओव्हाळ बँकेत अधिकारी होते. त्यांना थायरॉइड होतं आणि जोडीला पित्त. पहिल्या पुलापर्यंत अप्पांचे गुडघे, दुसऱ्या पुलापर्यंत संघपालांचं पित्त, आणि परतताना दोघांच्या डॉक्टरांची तुलना, असा रोजचा कार्यक्रम असे. रमाकांतराव मधूनमधून 'हो का' आणि 'अरेरे' म्हणत. चार वाक्यं सलग बोलण्याची संधी भूगोलाच्या प्राध्यापकाला कालव्यावर कधी मिळत नसे.

कॉलेजात तपासणी शिबिर झालं तेव्हा त्यांनी मोठ्या आशेनं रक्त दिलं. सगळं काही ठीक निघालं. तो अहवाल त्यांनी कालव्यावर नेऊन दाखवला, तेव्हा अप्पांनी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि काट्यावर रिकामी ट्रॉली आल्यावर म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "सर, ह्यात तर काहीच न्हाय."

त्याच संध्याकाळी रमाकांतराव औषधाच्या दुकानात गेले आणि त्यांनी मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मागितल्या. दुकानदारानं कुणासाठी म्हणून विचारलं. स्वतःसाठी, असं त्यांनी सांगितलं. काय होतंय? काही होत नाही. मग कशाला? होऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखून दुकानदारानं फळीवरची सगळ्यात मोठी बाटली काढून दिली. बाटलीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. गोळी शेंगदाण्याएवढी, आणि तिला नवं दप्तर आणि जुनं लोणचं एकत्र ठेवल्यासारखा वास.

घरी मालतीबाईंनी बाटली हातात घेऊन शांतपणे वाचली. मालतीबाई वाचत असल्या की रमाकांतरावांना नेहमीच धडधडायचं. त्यांनी अ, ब, क, ड अशी सगळी मुळाक्षरं वाचली, लोह वाचलं, जस्त वाचलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून तुम्ही उपाशीच होतात."

रमाकांतरावांनी समजावायचा प्रयत्न केला. हल्ली जमिनीतच कस राहिला नाही, त्यामुळे भाजीत राहिला नाही, यात स्वयंपाक करणाऱ्याचा काही दोष नाही, हे त्यांनी मृदांच्या प्रकारांसकट सांगितलं. मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रात्री ताटात नुसता भात आला, आणि जिथे चटणी वाढतात तिथे गोळी.

"मेथी आणली होती," मालतीबाई म्हणाल्या, "पण ती गोळीत आहे. गाजरही आहे. लिंबू तर आहेच आहे."

नवराबायकोच्या भांडणात आवाज चढला तर ते लवकर मिटतं. मालतीबाईंचा आवाज चढत नसे, हीच अडचण होती. पुढचे काही दिवस रमाकांतराव इंदापूरच्या स्टँडवर केळी खाऊन राहिले. पण माघार घेणं शक्य नव्हतं, कारण कालव्यावर त्यांचं बस्तान बसलं होतं.

गोळी सुरू झाल्यापासून त्यांना बोलायला विषय मिळाला होता. दोन्ही पूल त्यांचे झाले. दुखणं झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच तटबंदी करावी, असं ते सांगत, आणि तटबंदी म्हणताना छातीवर थाप मारत. जिने चढताना दम लागत नाही, असंही त्यांनी सांगितलं. तो आधीही लागत नव्हता, ही गोष्ट त्यांच्याही लक्षात राहिली नव्हती. शेवटी अप्पांनी हात पुढं केला. "आमाला बी एक द्या की, सर." संघपालांनी आधी मान हलवली आणि मग तेही म्हणाले, बघू तरी.

फिरणं संपलं की ही मंडळी नीराकुंज सोसायटीच्या फाटकासमोर सारजाबाईंच्या रसवंतीवर उसाचा रस घेत. चालून जे काही कमावलं असेल ते तिथे एका पेल्यात परत मिळत असे. सारजाबाई ऊस दोनदा धुवायच्या, आलं-लिंबू घालायच्या, आणि चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले की फाटकातून आणखी चार माणसं बाहेर यायची. आता त्या रसाबरोबर रमाकांतराव बाटली उघडून एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवू लागले, देवळात तीर्थ देतात तसं. सोसायटीच्या अध्यक्षा केसरबाई एकदा तिथून जाताना थांबल्या. केसरबाईंनी पूर्वी ग्रामपंचायत गाजवली होती आणि आता नीराकुंज गाजवत होत्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, केसांना याचा उपयोग होतो का. रमाकांतरावांनी बाटली वाचली आणि होतो म्हणाले. केसरबाईंनी मूठभर गोळ्या पदराच्या टोकात बांधून नेल्या आणि हे कुणाला सांगू नका म्हणून बजावलं.

पुढचा प्रसंग सभ्य भाषेत कसा सांगावा, हा प्रश्न आहे. पण तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शाळिग्रामांच्या न्हाणीघरात बरीच वर्षं एक मिणमिणता पिवळा बल्ब होता. तो उडाला म्हणून मालतीबाईंनी पांढराशुभ्र नवा दिवा लावून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उजेडात रमाकांतरावांना प्रथमच स्वच्छ दिसलं, की आपल्या लघवीचा रंग काही निराळाच आहे. तो हळदीचा नव्हता, लिंबाचा नव्हता. रस्त्यावर काम करणाऱ्यांची जी चकाकणारी जाकिटं असतात, त्यांचा तो रंग होता.

कावीळ. रमाकांतराव न्हाणीघरात उभ्याउभ्या हा शब्द मनात म्हणून पाहू लागले, आणि खोटं कशाला सांगावं, क्षणभर त्यांना चक्क भारदस्त वाटलं. मग काविळीनं महिनाभर अंथरुणात पडलेले एक मावसभाऊ आठवले आणि तो भारदस्तपणा ओसरला.

कालव्यावर त्यांनी आवाज खाली आणून दोघांना सांगितलं. संघपाल चालता चालता थांबले. त्यांनी घशाशी आल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "सर, माझंही तसंच आहे. मी घरी बोललो नव्हतो." अप्पा म्हणाले, "आमचं बी तसंच हाय. आमाला वाटलं वयामुळं."

मग तिघांनी सुशिक्षित माणसांसारखा विचार केला. घरं वेगळी, स्वयंपाक वेगळे. मग तिघांच्या पोटात रोज एकच गोष्ट कोणती जाते? तिघांच्याही नजरा एकाच वेळी रसवंतीकडे वळल्या. खरं तर दोन गोष्टी जात होत्या. पण दुसरी गोष्ट तटबंदी होती, आणि तटबंदीच आतून दगड मारते आहे असा संशय घ्यायला वेगळं डोकं लागतं. रमाकांतरावांनी तर उलट निर्णय घेतला. शरीराला आता ताकदीची जास्त गरज आहे, तेव्हा बरं वाटेपर्यंत प्रत्येकानं दोन-दोन गोळ्या घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी रंग आणखी उजळला.

हे तिघांतच राहील असं ठरलं होतं. अप्पांनी फक्त बायकोला सांगितलं. रमाकांतराव इंदापूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाणी उकळून प्यायचा सल्ला येऊन पडला होता, त्यापाठोपाठ यकृताचं रंगीत चित्र, आणि त्यापाठोपाठ कुणीतरी चुकून टाकलेली वाढदिवसाची शुभेच्छा. संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. नीराकुंजमध्ये सल्ला द्यायला येणाऱ्या माणसाला चहा द्यायची पद्धत असल्यामुळे मालतीबाईंची दुधाची दोन्ही पातेली रिकामी झाली होती. कुणी मुळ्याच्या पाल्याचा रस सांगत होतं, कुणी फुटाणे. हळद घरातून काढून टाका, असं एकजण म्हणाले. पिवळा शर्टही घालू नका, असं दुसरे. प्रत्येकाच्या नात्यात एकेक कावीळ होऊन गेली होती आणि त्यातली एकही सारखी नव्हती.

पाहुणे गेल्यावर मालतीबाईंनी त्यांच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हळदीचा डबा वरच्या फळीवर ठेवला, तेलाची बरणी मागं ढकलली आणि दुधी चिरायला घेतला. चटणीच्या जागी गोळी वाढणं त्या दिवसापासून बंद झालं. बिनतेलाचा, बिनतिखटाचा तो दुधी रमाकांतरावांनी निमूटपणे खाल्ला. भांडण काविळीनं मिटलं, याचा आनंद मानावा की नाही, हे त्यांना कळेना.

केसरबाई मात्र पेटल्या होत्या. महिला वर्गातही लक्षणं आहेत, असं त्यांनी गटावर जाहीर केलं. कोणत्या महिलेत, ते सांगितलं नाही. त्यांनी आरोग्य खात्याला फोन लावला. तिथून विचारणा झाली, की पाण्याची टाकी कुठल्या हद्दीत येते? इथे नीराकुंजची जुनी भानगड वर आली. सोसायटीचं फाटक शहराच्या हद्दीत आहे आणि टाकी मागच्या गावाच्या. शहरवाले म्हणाले, टाकी आमची नाही. गाववाले म्हणाले, आजारी माणसं आमची नाहीत. केसरबाईंनी दोन्हीकडे आवाज चढवल्यावर एक आरोग्यसेवक मोटारसायकलवर आले. सज्जन माणूस होता. त्यांनी पाण्याचा नमुना बाटलीत घेतला आणि रुग्णांची नावं विचारली.

आणि कुणीच नाव देईना. अप्पा म्हणाले, माझं लिहू नका, मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललंय. संघपालांना बँकेत बोभाटा नको होता. रमाकांतराव म्हणाले, मी शिक्षकी पेशातला माणूस, विद्यार्थ्यांवर परिणाम होईल. केसरबाई तर मुळात रुग्ण नव्हत्याच.

"रुग्ण नाहीत," आरोग्यसेवक म्हणाले, "तर साथ कुणाची आहे?"

नमुन्याचं कळवतो, तोवर पाणी उकळून प्या आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी रक्त तपासून घ्या, असं सांगून ते गेले. पण नुसतं थांबणं केसरबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी टाकी रिकामी करून घासायला लावली, त्यामुळे सगळी सोसायटी बादल्या घेऊन हातपंपावर उभी राहिली. आणि फाटकासमोरची जागा सोसायटीची असल्यामुळे त्यांनी सारजाबाईंना रसवंती बंद ठेवायला सांगितलं.

घुंगरू थांबले. सारजाबाईंनी चरकावर पोतं टाकलं. आणलेला ऊस कडेला पडून वाळायला लागला, तेव्हा तो त्यांनी मोळी बांधून गुरांसाठी देऊन टाकला. त्या संध्याकाळी त्या शाळिग्रामांच्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"सर, तुमी रोज पिताय. माझ्या हाताला कवा घाण दिसली का तुमाला?"

"नाही," रमाकांतराव म्हणाले.

"मग तसं सांगा की त्या बाईंना. तुमचं ऐकतील त्या."

रमाकांतराव चष्मा पुसू लागले. पाण्याचा अहवाल येऊ द्या, असं ते म्हणाले. शास्त्रीय दृष्टीनं आता काहीच सांगता येत नाही. सारजाबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. आतून मालतीबाई आल्या. "निदान बसा तरी म्हणायचं होतं," एवढंच त्या बोलल्या. बिनतिखटाचा दुधी त्या रात्री रमाकांतरावांनी ताटातच ठेवला.

रविवारी अप्पांनी जीप काढली. इंदापूर तालुक्यात निरवांगीला एकजण कावीळ उतरवतात, गुण हमखास, असं त्यांना कळलं होतं. भूगोलाच्या प्राध्यापकानं असल्या ठिकाणी जावं का, याचा रमाकांतरावांनी लासुर्ण्यापर्यंत गंभीरपणे विचार केला, आणि तोवर बरंच अंतर कापून झालं होतं. संघपालांनी आधीच सांगितलं होतं, मी सोबत येईन पण आत येणार नाही. ते जीपमध्ये बातम्या वाचत बसले.

त्या गृहस्थांनी परातीत चुन्याचं पाणी घेतलं, अप्पांचे हात त्यात चोळले, आणि पाणी पिवळं झालं. रमाकांतरावांचे चोळले, तेही पिवळं झालं. बघा, उतरतीय, असं ते म्हणाले. रमाकांतरावांनी जिज्ञासा म्हणून विचारलं, की निरोगी माणसाचे हात चोळले तर काय होतं? गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासानं स्वतःचे हात त्याच पाण्यात चोळून दाखवले. पाणी पिवळंच राहिलं. मग ते म्हणाले, तुमची अंगात चढली वाटतं माझ्या. तोवर रमाकांतरावांच्या गळ्यात बारीक काड्यांची माळ पडली होती. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, अशी समजूत. सोमवारी वर्गात मोसमी वारे समजावताना ती लांबत लांबत शर्टाच्या दोन गुंड्यांमधून बाहेर आली, आणि मागच्या बाकावरच्या आसावरी नावाच्या मुलीनं अत्यंत आदरानं विचारलं, "सर, तुम्ही दीक्षा घेतली का?"

त्या तासानंतर रमाकांतरावांनी माळ काढून खिशात टाकली आणि ठरवलं, आता डॉक्टर. बारामतीत गेलं तर लगेच गाजावाजा होणार. पण इंदापुरात डॉक्टर तेजश्री साबळे होत्या. बारावीला त्या त्यांच्याच कॉलेजात होत्या आणि नकाशावाचनात पहिल्या यायच्या. मंगळवारी तिघंजण एसटीनं निघाले. अप्पांना वाटलं होतं, तपासायचं म्हणजे नमुना घरून न्यायचा असतो, म्हणून त्यांनी नातीची पाण्याची बाटली आणली होती. निमगाव केतकीला बस आचके देत थांबली तेव्हा ती सीटखालून घरंगळत पुढं गेली, आणि कंडक्टरनं उचलून कुणाचं सरबत म्हणून विचारलं. तिघांपैकी कुणीही ओळख दाखवली नाही.

डॉक्टर तेजश्रींनी तिघांना तपासलं. डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं आणि संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. तिघं दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. संघपालांनी रजेची मोजदाद सोडून दिली. अप्पांनी मुलाचं लग्न आपल्या माघारी कसं करायचं, ते रमाकांतरावांना तपशिलात सांगून ठेवलं. वऱ्हाडाला बटाट्याची भाजी नको, वांग्याची करा, हेही सांगितलं. रमाकांतरावांना मात्र सारखं वाटत होतं, की ज्या बाईला आपण बसा म्हटलं नाही, तिचा चरक आपल्यामुळे बंद आहे, आणि आपल्याला खरोखर कावीळ निघावी म्हणजे निदान त्याला काही कारण तरी राहील.

कावीळ निघाली नाही. तिघांचं रक्त स्वच्छ होतं.

"नवीन काही सुरू केलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "एखादं औषध, काढा, चूर्ण?"

तिघांनी अगदी प्रामाणिकपणे नाही सांगितलं. डॉक्टर विचारात पडल्या. मंडळी उठली. दारापाशी पोचल्यावर अप्पांना आठवण झाली.

"डॉक्टरबाई, सरांच्या त्या ताकदीच्या गोळ्या चालूच ठिवायच्या का? सध्या दोन-दोन घेतोय आमी."

डॉक्टर तेजश्रींनी सगळ्यांना परत बसवलं. रमाकांतरावांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी घोड्याकडे पाहिलं, मग मागचा बारीक मजकूर वाचला, आणि खुर्ची मागं सरकवून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"सर, यात बी-टू नावाचं जीवनसत्त्व आहे, ते मुळातच पिवळं असतं. शरीर लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं बाहेर टाकतं. रंग त्याचाच आहे."

"म्हणजे ते सगळं..." रमाकांतरावांना वाक्य पुरं करवेना.

"कालव्याला वाहून गेलं म्हणा."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ज्याच्यात खरोखर कमतरता आहे, गरोदर बाई आहे, अन्न अंगी लागत नाही असा आजार आहे, त्यांना या गोष्टी लागतात, आणि त्या आम्ही बघून देतो. पण चारी ठाव जेवणाऱ्या धडधाकट माणसानं रोज मल्टिव्हिटॅमिन घेऊन आयुष्य वाढतं, असं काही आढळलेलं नाही. दोन-दोन तर अजिबात नकोत. अ आणि ड सारखी काही जीवनसत्त्वं लघवीवाटे जात नाहीत, साठून राहतात. संघपालांना त्यांनी वेगळं सांगितलं, की यातलं लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीबरोबर पोटात गेलं तर ती गोळीच नीट लागू पडत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय त्रास होता, सर, म्हणून सुरू केल्या?"

"काही नाही," रमाकांतराव म्हणाले. संपूर्ण प्रकरणात एवढं एक उत्तर ते सुरुवातीपासून बरोबर देत आले होते.

बुधवारी केसरबाईंनी वाहनतळाच्या पत्र्याखाली सभा बोलावली. लोक बादल्यांसकट आले होते, कारण घासलेल्या टाकीत पाणी अजून पुरेसं चढलं नव्हतं. पाण्याचा नमुना निर्दोष निघाल्याचं सकाळीच कळलं होतं आणि त्यामुळे भीती आणखी वाढली होती. पाणी चांगलं, तर मग रसच. फाटकापाशी सारजाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

रमाकांतराव बोलायला उभे राहिले. रात्रभर जुळवलेली वाक्यं त्यांच्याजवळ होती. त्यांनी पृथ्वीवरच्या गोड्या पाण्याच्या प्रमाणापासून सुरुवात केली, जलचक्राकडे आले, निसर्गात काहीच वाया जात नाही असं म्हणाले, आणि मानवी शरीर हेही एक प्रकारचं खोरं आहे, या वाक्यापाशी थोडे रेंगाळले. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"गोळ्यांचं सांगा," मागच्या रांगेतून मालतीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. वाकडंतिकडं, मध्ये मध्ये थांबत, पण सगळं सांगितलं. गोळी कुणी आणली, कुणी वाटली, एकाच्या दोन कुणी केल्या, आणि सारजाबाई दारात आल्या तेव्हा अहवालाच्या आड कोण लपलं. कोण काय बोलणार, इतक्यात केसरबाईंनी गंभीर आवाजात शंका विचारली.

"म्हंजे, नुसती केसांसाठी घेतली तरी बी तसंच होतं का?"

सगळी सभा केसरबाईंकडे वळली. त्यानंतर जे हसणं झालं ते मागच्या गावाच्या हद्दीत ऐकू गेलं. रमाकांतरावांना त्या क्षणी केसरबाईंबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी सख्ख्या बहिणीबद्दलही कधी वाटली नव्हती.

हसणं ओसरल्यावर सारजाबाई पुढं आल्या. त्या हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं हसून झालं. पर हितं कुणी बोर्ड लावणार न्हाय की बाई निर्दोष हाय म्हणून. उद्या मी चरक लावते. सरांनी समद्यांच्या म्होरं प्यायचा."

हे सगळ्यांनाच पटलं, आणि रमाकांतरावांना तर ते शिक्षेपेक्षा बक्षीसच वाटलं. गुरुवारी सकाळी घुंगरू वाजले. फाटकाबाहेर निम्मी सोसायटी जमली होती. रमाकांतरावांनी पेला उंच धरून सर्वांना दाखवला आणि एका दमात संपवला. लोकांनी माना डोलावल्या. एवढ्यात वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब खाली आलं आणि म्हणालं, आमी न्हाय बघितलं. रमाकांतरावांनी दुसरा पेला घेतला. मग शाळेच्या गाडीवर मुलांना सोडायला गेलेल्या बायका परतल्या. त्यांनीही पाहिलं नव्हतं. जो येई त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि सारजाबाई न विचारता पुढचा पेला भरत होत्या. केसरबाई येईपर्यंत रमाकांतरावांनी मोजणं सोडून दिलं होतं. केसरबाईंनी दोनदा पाहिलं.

लोक मात्र पेले घेऊ लागले. उसाची मोळी संपत आली आणि सारजाबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला. तेवढं पाहून रमाकांतराव एसटी धरायला निघाले, जड पण समाधानी पोटानं.

समाधान काटेवाडीपर्यंत टिकलं. त्यानंतर पोटात पहिला आवाज झाला. बँकेच्या कामाला निघून शेजारी बसलेल्या संघपालांनी तो ऐकला आणि विचारलं, सर, बरं आहे ना? उत्तम, असं रमाकांतराव म्हणाले. खिडकीची पट्टी घट्ट धरून, कपाळावर घामाचे थेंब घेऊन ते पुन्हा एकदा उत्तम म्हणाले. रिकाम्या पोटी एवढा रस, त्यात आलं, त्यात लिंबू. कुणाचंही पोट बिघडलं असतं. पण ही गोष्ट सोसायटीत कुणाला सांगणार? एक शब्द निघाला असता तर दुपारच्या आत चरकावर परत पोतं पडलं असतं. भवानीनगरला ते विसरलेली वस्तू आठवल्यासारखे घाईनं उतरले, स्टँडवर काही काळ दिसेनासे झाले, आणि उलट्या दिशेच्या बसनं परत फिरले.

नीराकुंजच्या फाटकापाशी दुपारी गर्दी होती. रमाकांतराव ताठ मानेनं आणि अगदी लहान पावलं टाकत तिथून निघाले. सारजाबाईंनी पाहिलं.

"सर, आज लवकर?"

"तास नव्हते."

"रस घ्या की. आजचा माझ्याकडून."

पेले हातात धरलेली सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. आपल्या पोटात काय चाललंय, ते रमाकांतरावांना ठाऊक होतं. त्यांनी पेला घेतला, हसले, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि फार छान आहे म्हणाले. सारजाबाईंनी पदरानं बाकडं पुसलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

रमाकांतराव बसले. जेवढं बसणं सभ्य दिसेल तेवढंच बसले, आणि मग जिना कसा चढले ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही.

बऱ्याच वेळानं न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा मालतीबाई बाहेर उभ्या होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. घरात मऊ भात शिजल्याचा वास होता. त्यांनी भातावर ताक घातलं, मीठ घातलं, चिमूटभर जिऱ्याची पूड टाकली, आणि आपण शेजारी पाट घेऊन बसल्या. खालून घुंगरांचा आवाज येत होता. रमाकांतरावांनी पहिला घास सावकाश खाल्ला, दुसराही. मालतीबाई ताटाकडे पाहत होत्या.

"पुरे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," रमाकांतराव म्हणाले आणि त्यांनी ताट पुढं केलं. "आणखी वाढ."